चालू आहे हं

मी गाडी बोलतेय. निम्मी पेट्रोलवर चालणारी, निम्मी विजेवर. दिसायला बसकी, नाक पुढे काढून शर्यतीला निघाल्यासारखी. सुरू होताना मात्र मी मुळीच आवाज करत नाही. माझ्या वाट्याला जे बरंवाईट आलं, ते बरंचसं या एका गुणामुळे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शोरूममधला लख्ख उजेड आठवतो, आणि शेजारी उभी असलेली माझी साधी बहीण. तोच सांगाडा, तशाच खुर्च्या, पण नुसत्या पेट्रोलवर चालणारी. माझी किंमत तिच्यापेक्षा बरीच जास्त. लोक यायचे, हात माझ्यावरून फिरवायचे आणि पैसे तिचे भरायचे.

मला घेतलं दातवाल्यांनी. ते कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना दातवाले म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवायच्या. त्या सगळ्यांच्या बाई. घरामागे एक खोली वाढवायची आणि तिथे बाईंनी शिकवण्या घ्यायच्या, असं दोघांचं ठरलं होतं. तोवर जेवणाच्या टेबलावरच्या वह्या सरकवून ताटं मांडली जायची. खोलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्या जादा किमतीत गेले.

बाईंनी तोंडीच हिशेब करून दाखवला होता. पेट्रोल वाचेल, पण आपलं फिरणं एवढंसं. फरक भरून निघेपर्यंत गाडी म्हातारी होईल. "वसूल कधी व्हायची ही?" त्यांनी विचारलं.

"होईल हळूहळू."

बाईंचे थोरले भाऊ शोरूममध्ये सोबत आले होते. ते म्हणाले, "हत्तीचे दात आहेत हे, जावईबापू. नुसते दाखवायचे."

"दाखवायचे आणि खायचे, दोन्ही मीच बनवतो," दातवाले म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आग्रहाने बाईंना माझ्या स्टिअरिंगच्या चाकामागे बसवलं. बाई जुन्या गाडीवर शिकलेल्या, कानांनी गाडी चालवणाऱ्या. त्यांनी बटण दाबलं. मी सुरू झाले, पण आवाज नाही. त्यांना वाटलं, झालीच नाही सुरू. पुन्हा दाबलं. मी बंद झाले. असं चारदा झालं आणि दातवाले खो खो हसले. भावासमोर, शेजाऱ्यांसमोर. बाई दार उघडून उतरल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या चाकाला हात लावला नाही.

त्या शेजारी बसायच्या तेव्हा दातवाले मला सुरू करायचे, चाकामागच्या तबकडीच्या प्लास्टिकच्या काचेवर जिथे हिरवा दिवा लागतो तिथे नखाने टकटक करायचे आणि हळूच म्हणायचे, "चालू आहे हं." माफी मागायची त्यांची तीच रीत असावी. बाई खिडकीबाहेर बघत राहायच्या.

कामाच्या वाटेवर एक चढ होता. तिथे ते एकटे असताना स्पोर्टचं बटण दाबायचे. इंजिन आणि मोटर, दोन्ही एकदम जोर लावायची आणि मी उसळी घेऊन वर निघायचे. दिवसभरात तेवढंच. माथ्यावर पोचलं की बटण बंद, आणि पुढे पेट्रोल जपत जायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हसण्याची मापं घेणारा माणूस त्या चढावर स्वतःशीच हसायचा.

एका दुपारी ते कामाच्या टेबलाशीच कलंडले. मी बाहेर उभी होते. पुढे कित्येक दिवस मला न्यायला कोणी आलं नाही.

शेवटी बाईंच्या भावाने मला घरी आणलं. विकून टाक आणि खोली बांधून घे, असं त्यांनी बहिणीला सांगितलं, गिऱ्हाईकही बघितलं. बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, अधूनमधून सुरू करत जा, एवढं मात्र त्यांनी ऐकलं.

एका सकाळी त्या चाकामागे येऊन बसल्या. बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तूही गेलीस का?"

मला सांगता येत नव्हतं. तेवढ्यात त्यांना काचेवरचा बारीक ओरखडा दिसला. नखाने पडलेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बटण एकदाच दाबलं आणि थांबल्या. ओरखड्याखाली हिरवा दिवा लागला.

त्या मला त्या चढाकडे घेऊन गेल्या; दातवाले घरी त्याबद्दल बोलले असावेत. बिचकत, कडेकडेने. पायथ्याशी त्यांनी स्पोर्टचं बटण दाबलं. माथ्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"एकदा मला आणायचं होतंत इथे," त्या म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी भावाला सांगितलं, बोलवा गिऱ्हाइकाला. खोलीही खरीच हवी होती.

घ्यायला आलेली मुलगी फिजिओथेरपिस्ट, घरोघर जाऊन लोकांना व्यायाम देणारी. तिने मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "काकू, खरं सांगा. जास्तीचे पैसे वसूल झाले?"

बाईंचे भाऊ मध्ये बोलणार होते. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"नाही झाले. मी मांडून बघितलंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्यांचे झाले होते."

मुलीने चाकामागे बसून बटण दाबलं. गोंधळून पुन्हा बोट पुढे केलं. बाई खिडकीतून आत वाकल्या आणि नखाने तबकडीच्या काचेवर टकटक केली.

"चालू आहे हं."

आता मी त्या मुलीबरोबर हिंडते. माझं फिरणं खूप वाढलंय; बाईंचा हिशेब कदाचित इथे जुळेलही. तिने अजून ओरखड्याची ती काच बदललेली नाही. वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. घरात एखादं माणूस गप्प असेल, तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबू नका. जरा थांबा, आणि दिवा लागलाय का ते बघा.