रविवारच्या आधी नाही

मी तिच्या नवऱ्याचं मनगट फोडलं. दोन किलोच्या लोखंडी वजनानं, दिवसाढवळ्या, दुपारी चार वाजता. पोलिसानं विचारलं, "बाई, पश्चात्ताप होतोय का?" म्हटलं, होतोय तर! एकच फटका नीट बसला.

माझं तोंड फटकळ, म्हणून शिवणाच्या दुकानात मला सगळे कात्री म्हणतात. भिंतीपलीकडे राहते ती इस्त्रीवाली. लोकांच्या चादरी, शर्ट घरी आणून इस्त्री करून देते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिचा नवरा आधी टेम्पो चालवायचा. दारूपायी टेम्पो गेला, आता नुसतं तोंड चालवतो. आणि हात.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत वीस तारीख आली की आम्ही दोघीही डबे खरवडायला बसायचो. माझा हात सैल, दिसलं की घेतलं. तिच्या हातातलं नवरा ओरबाडायचा. मग एक दिवस तीच म्हणाली, "ताई, आपण अदलाबदल करू या." तेव्हापासून तांदूळ, डाळ, पीठ एकत्र आणायचं आणि माझ्या वडिलांच्या दुकानातल्या जुन्या तराजूवर निम्मं निम्मं करायचं. भाजी-दुधासाठी उरलेले माझे पैसे तिच्या घरी ठेवायचे, तिचे माझ्या घरी. दर रविवारी एकमेकींना आठवड्यापुरते द्यायचे. रविवारच्या आधी दमडीही नाही. रडली तरी नाही, पाया पडली तरी नाही, अशी एकमेकींच्या गळ्याला हात लावून शपथ घेतलेली.

पहिली मीच घसरले. एका दुकानात लाल चप्पल दिसली आणि माझा जीव तिच्यात अडकला. मंगळवारी तिच्या दारात जाऊन भांडले, शिव्या दिल्या, शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. बयेनं माझ्या तोंडावर दार आपटलं! आतून हसत होती मेली. महिनाअखेर डब्यात साखर शिल्लक निघाली तेव्हा मी जाऊन तिची अलाबला घेतली. त्यानंतर कुणाकडे वाटीभर काही मागायची पाळी आली नाही.

त्या गुरुवारी माझ्या दुकानाला सुट्टी होती. साडेतीनच्या सुमारास ती दारात आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"ताई, माझे सगळे दे."

"कुठली चप्पल आवडली गं?" मी म्हटलं.

"विचारू नकोस. आज दे."

"आज वार कुठला?"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आणि मी, अकलेचा कांदा, मागचा हिशोब चुकता करायला हसत हसत तिच्या तोंडावर दार आपटलं. वर आतून ओरडले, "रविवारी ये!" फार मजा वाटली मला. आज त्या हसण्याची आठवण झाली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे डबे आपटायला लागले. एक, दोन, मग सगळी फळीच खाली आली. त्याचा आवाज येत होता, "कुठं ठेवलेस? बोल, कुठं ठेवलेस?" तिचा आवाज येत नव्हता. मग आला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

कोपऱ्यात तराजू होता. हाताला आलं ते वजन उचललं आणि धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. जमिनीवर तांदूळ, डाळ, पीठ, तेल सगळं एक झालेलं. त्यानं तिला गुडघ्यानं टेबलाशी दाबून धरलं होतं, एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात इस्त्री. इस्त्री तिच्या पंजावर होती. जळक्या कातडीचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

पहिला घाव त्याच्या खांद्यावर गेला. तो वळला आणि इस्त्रीच माझ्या तोंडावर हाणली. माझा पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. मी ते रक्त त्याच्या डोळ्यांत थुंकले. त्यानं माझा गळा धरला. दोघंही तेलावरून घसरून पडलो, तो खाली, मी वर. त्याचा हात डाळीत पसरला होता. मी वजन दोन्ही हातांनी उचललं आणि मनगटावर घातलं. कडकन आवाज आला. पुन्हा उचललं, ते डोक्यासाठी. तेव्हा तीच ओरडली, "ताई, नको!" तिच्यासाठी थांबले, त्याच्यासाठी नाही. तोवर मजल्यावरची माणसं धावून आली होती.

पोलीस त्याला घेऊन गेले. तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं वाचतील, पण उजव्या हातात पूर्वीची पकड येईलच असं नाही. इस्त्रीवालीचा उजवा हात! मी खाटेशी बसले, तुटक्या दातावर कापूस दाबून, आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

"मी दार लावलं गं तुझ्या तोंडावर. मला मार, शिव्या दे, काहीतरी कर."

"ते पैसे त्याच्या तोंडावर फेकायला मागत होते, हे तुला कुठं माहीत होतं?" ती हळूच म्हणाली. "तुझ्याकडे ठेवलेत म्हणून सांगितलं असतं तर तो तुझ्या घरात घुसला असता. आणि हे बघ, घरी कपाटाशेजारी गठ्ठा आहे ना, त्यात निळी चादर आहे. तिच्या घडीत तुझे पैसे आहेत. तो आत आला तेव्हा घाईघाईत खुपसले. त्याला सापडले नाहीत. घेऊन ये, तिथं कुणी उचलेल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझे पैसे. ते तिच्या घरातच होते, हाताच्या अंतरावर. त्याला ते दिले असते तर तो तिथल्या तिथं दारू प्यायला निघून गेला असता.

"अगं मूर्ख बाई," मी ओरडलेच, आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला, "तेच द्यायचे ना त्याला! का नाही दिलेस?"

तिनं बँडेज बांधलेला हात उशीवर जरा सरकवला.

"तुझे होते ना ते," ती म्हणाली. "आणि आज गुरुवार आहे."