घाईचा पाव

उस्तादांनी उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढला, पण घरच्या ओव्हनला कधी हात लावला नाही. तो बायकोचा प्रांत. ती त्यात यीस्टशिवायचा, सोड्याचा पाव करायची. पीठ, मीठ, सोडा एकत्र करायचा, आंबट ताक ओतायचं, दोन-चार हात फिरवायचे की लगेच ओव्हनमध्ये. पाहुण्यांची खुशाली विचारून होईपर्यंत पाव तयार, अशी तिची बढाई असायची. उस्ताद त्याला 'घाईचा पाव' म्हणायचे आणि नाक मुरडायचे. पीठ तासन्‌तास फुगू दिल्याशिवाय पाव होतो, हे त्यांना मुळात मान्यच नव्हतं. चहाबरोबर चार-चार तुकडे मात्र मुकाट्यानं हाणायचे, ते वेगळं.

आता ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी औषधं कमी केली आणि म्हणाले, "आता त्यांना जे आवडेल ते खायला घाला." या वाक्याचा अर्थ उस्तादांना कळला नाही असं नाही. पण त्यातलं 'खायला घाला' एवढंच त्यांनी उचललं आणि बाकीचं दवाखान्यातच सोडून आले. तिला मात्र कशाचीच वासना राहिली नव्हती. खीर नको, सूप नको, फळ नको. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी लेक येऊन आईचं अंग पुसून द्यायची. तीही विचारून विचारून थकली. मग एकदा, बहुतेक या दोघांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून, बायकोच म्हणाली, "माझा सोड्याचा पाव असता तर खाल्ला असता तुकडाभर."

उस्ताद ताडकन उठले.

"बाबा, थांबा, संध्याकाळी मी करते," लेक म्हणाली.

"तू जा ऑफिसला. पाव आता मला तू शिकवणार?"

तिनं एकदा, एकच तुकडा, चवीनं खावा. उस्तादांचं देवाकडे दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. मोठी मागणी करून बघितली होती, ती फेटाळली गेली होती.

पण हाताला लागलेलं वळण सुटतं थोडंच! परातीत ताक पडलं आणि उस्तादांचे दोन्ही तळवे पिठावर चालायला लागले. दाब, दुमड, आपट. आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "अहो, हे थपाथप काय चाललंय? मळताय की काय?"

"छे गं! नुसतं गोळा करतोय," उस्तादांनी थाप मारली.

पाव असा निघाला की सुरी आत जाईना. तिनं तो बोटानं वाजवून बघितला. "उस्ताद, हा दाराला लावून ठेवा. वाऱ्यानं फार आपटतंय ते." आणि हसली, इतकी हसली की ठसका लागला. उस्तादांनी तिला पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अजिबात मळलं नाही. पण भिजवलेल्या पिठावर ओलं फडकं टाकलं आणि स्टुलावर जाऊन बसले. पिठाला विसावा द्यायचा, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. बेकरीत त्यांनी पोरांना याच एका गोष्टीवरून शिव्या घातल्या होत्या. फडकं काढलं तेव्हा पिठावरचे बुडबुडे बसलेले होते आणि ओव्हनमधून एक चपटी, ओलसर चकती बाहेर आली.

"झाकून ठेवलंत ना?" तिनं बघताक्षणीच विचारलं.

"जरासाच विसावा दिला."

"सोड्याला कसला विसावा? तो एकदाच उसळतो हो. तेवढ्यात आत ढकलायचं." एवढं बोलून ती दमली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिनं घोटभर पाण्यापलीकडे काही घेतलं नाही.

तिसऱ्या वेळी उस्तादांनी धसकाच घेतला होता. मळायचं नाही, थांबायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत त्यांनी पटापट सगळं परातीत लोटलं, कालवलं आणि साचा आत सरकवला. थोड्या वेळानं घरभर वास सुटला. पाव टम्म फुगला, वरून सोनेरी झाला, मधोमध तिच्या पावाला पडायची तशी भेगसुद्धा पडली. त्यांनी गरम गरम तुकडा कापला, लोणी लावलं आणि तिला उशीला टेकवून बसवलं. तिनं हळूहळू चावला. डोळे मिटले. सबंध तुकडा संपवला.

"आता जमला," ती म्हणाली. "अगदी माझ्या हातचा. मीठसुद्धा बेताचं पडलंय."

उस्ताद स्वयंपाकघरात आले ते जवळजवळ नाचतच. लेकीला फोन लावला. "खाल्ला! सगळा खाल्ला! मीठसुद्धा बेताचं पडलंय म्हणाली!" बोलता बोलता त्यांनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला. कडूजहर. साबण चावल्यासारखा. सोडा त्यांनी बेकरीच्या सवयीनं मुठीनं टाकला होता, पोतंभर पिठाला टाकावा तसा. आणि मीठ तर घाईत घालायचंच राहिलं होतं.

"बाबा? काय झालं?"

"अगं, हा तर तोंडात धरवत नाही. आणि तिनं सगळा खाल्ला. मला बरं वाटावं म्हणून खाल्ला."

"तिला कळलंच नसेल, बाबा. तिची चव केव्हाचीच गेलीये. खीर काय नि माती काय, सगळं सारखंच लागतं म्हणते. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. ते एवढी खटपट करतायत, त्यांचा हिरमोड होईल म्हणाली."

उस्तादांनी फोन ठेवला. परात घासली, ओटा पुसला. पुसून झालेला ओटा पुन्हा पुसला. तिनं आतून हाक मारली तेव्हा "आलो गं" म्हणाले आणि फडकं पुन्हा पिळून घेतलं. रडू आलं ते त्यांनी नळ सोडून त्याच्या आवाजात आटपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली तर बाप पीठ चाळत होता. सोडा चमच्यानं घेऊन वरून बोटानं सपाट केलेला, मीठ वाटीत मोजून ठेवलेलं.

"आता कशाला, बाबा?"

"तुला उशीर होतोय, जा तू," उस्ताद म्हणाले.

त्यांनी गरम तुकडा नेला. तिनं चावला, डोळे मिटले, हसली.

"कालच्यासारखाच झालाय."

"हो," उस्ताद म्हणाले, "कालच्यासारखाच."

"तुम्हीही खा ना. माझ्यासमोर बसून खा."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी एक घास घेतला. पाव हुबेहूब तिच्या हातचा झाला होता. ताकाचा तोच आंबूसपणा, मीठ तेवढंच, वरचा पापुद्रा तसाच कुरकुरीत. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून ते चावत राहिले.