उभा चढ

"भावजी, उंच वेगळं आणि उभं वेगळं," बात्मावहिनी म्हणाली. लाटायची फळी तिने थोडी कलती धरली. वर ठेवलेलं सफरचंद हळूहळू सरकलं. फळी आणखी उभी करताच ते घरंगळत थेट ओमुरबेकच्या मांडीवर आलं. "याला इंग्रजीत स्टीप म्हणायचं. वाटेला म्हणतात, जिन्याला म्हणतात. साखरेचा भाव चढला तरी म्हणतात."

"मग हा शब्द मला फार आधीच यायला हवा होता," ओमुरबेक हसला.

पण मनातून तो धास्तावला होता. वाटाड्या म्हणून तो खिंडीपलीकडे नेत असलेली एक परदेशी पाहुणी अर्ध्या चढावर रडत बसली होती. निघताना तिने विचारलं होतं, "स्टीप?" आणि अर्थ नीट न कळताच हा हसून म्हणाला होता, "नो." पाहुणेघराच्या मालकिणीने बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली तर पाहुणे दुसऱ्या वाटाड्याकडे.

"पण वहिनी, तो चढ उभा नाहीच. माझा घोडा न थांबता जातो."

"घोडा जातो. पाहुणे पायी चालतात. तू त्या चढावर शेवटचा पायी कधी गेलास?"

ओमुरबेकला आठवेना.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या केसांची एक पाहुणी बाई आली. पायथ्याशी थांबून तिने काठी वर रोखली. "स्टीप?"

हो म्हटलं तर ही इथूनच परतणार, आणि पाहुणेघरात काय सांगणार कोण जाणे. ओमुरबेकने लगाम चाचपला.

"स्टीप," तो म्हणाला. "व्हेरी स्टीप."

बाई बराच वेळ वर बघत राहिली. मग तिने बुटांची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली. ओमुरबेक घोड्यावरून खाली उतरला आणि खोगिराकडे बोट दाखवलं. तिने नकारार्थी मान हलवली. ती चालू लागली. आता पुन्हा वर बसणं त्याला बरं दिसेना.

दोन वळणांतच त्याला धाप लागली. बाई थांबली की तोही थांबे, आणि तिच्याआधी निघायची घाई करत नसे.

वरून शेजारचा जापार मेंढ्या घेऊन उतरत होता. ओमुरबेकला पायी बघून त्याने घोडा आवरला.

"काय रे, घोडा लंगडला की काय? का बायकोने खोगीर विकलं?"

ओमुरबेकने गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतला.

"घोडा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "चढ उभा आहे."

आणि बाईच्या मागोमाग त्याने पुढचं पाऊल टाकलं.