दोन पक्षांचा एक भोंगा

मित्रांनो, कारा-ताशच्या बाजारात बटाट्यांच्या गाडीवर तारेने बांधलेला, एका बाजूने चेपलेला भोंगा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. आता माझ्या तोंडून फक्त बटाट्यांचा भाव निघतो. पण एके काळी मी एका पक्षाचा भोंगा होतो.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. पत्र्याचे मोठे तोंड, पोटात सेलांची जागा आणि वळणदार वायरने जोडलेला हातातला माइक, असे माझे रूप होते. कोळशाच्या खाणीच्या गोदामात मी बरीच वर्षे फळीवर बसून काढली. मग देश मोडला, गोदामही मोडले. खाणीतला म्हातारा वायरमन ओमुर्कुल, ज्याला सगळे बायके, म्हणजे दादा, म्हणत, मला कोटाखाली घालून घरी घेऊन आला. त्याच्याच स्वयंपाकघरात श्रमिक एकी पक्षाच्या बैठका भरत. चहा, पिठाचे तळलेले बोरसोक आणि वाद. सगळी मिळून तीसेक माणसे असतील.

पक्ष खरा उभा केला तो दोघांनी. झिपारा एजे खाणीच्या दिवेघरात कामगारांना दिवे वाटायची. लहानथोर तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. दुसरा बेक्तेमिर, शाळेत इतिहास शिकवणारा. तो पत्रके लिहायचा, ती बोलायची.

एका हिवाळ्यात खाणीच्या नव्या मालकाने कामगारवस्तीचा बॉयलर बंद केला. घरात पाणी गोठू लागले. झिपारा एजे कचेरीसमोर बर्फात उभी राहिली. तोलोगोन नावाच्या धिप्पाड खाणकामगाराने मला खांद्यावर घेतले आणि म्हणाला, "एजे, तुम्ही बोला. तोफ मी धरतो."

बॉयलर सुरू झाला. त्या दिवशी बायकांनी मला स्वच्छ टॉवेलने पुसले, माझ्या गळ्यात लाल फीत बांधली. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. मालकाने मात्र झिपाराला कामावरून काढून टाकले.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. मालकाने आपल्या यादीत बेक्तेमिरला एक जागा देऊ केली.

"आत एक माणूस असला तर निदान कळेल तरी काय शिजतंय," बेक्तेमिर म्हणाला.

"कळेल ना. ताटात वाढतील तेव्हा कळेल," झिपारा म्हणाली.

"एजे, आयुष्यभर गेटबाहेरच उभं राहायचंय का?"

"मालकाच्या गाडीतून आत जाण्यापेक्षा बाहेर बरी मी."

पक्ष मधोमध फुटला. एक श्रमिक एकी पक्ष, दुसरा खरा श्रमिक एकी पक्ष. शेजारी शेजाऱ्याच्या अंगणातला चहा पिईना. तोलोगोन बेक्तेमिरकडे गेला, कारण त्याला दोन लहान मुली होत्या आणि भांडणाचा कंटाळा आला होता.

राहिलो मी. दोघांनाही मी हवा होतो. ओमुर्कुल बायकेने माझी वायर सोडवली. भोंगा झिपाराला दिला, माइक बेक्तेमिरला.

"गरज पडली की याल की नाही एकमेकांकडे?" तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते.

कोणी आले नाही. मी झिपाराच्या घरी पिठाच्या पोत्यामागे पडून राहिलो. माझ्या तोंडात कोळ्याने जाळे विणले. सभा होत, पण लोकांना त्या ऐकूच जात नसत.

मतदानाच्या दोन दिवस आधी, सकाळी, रात्रपाळीहून परतणारा एक कामगार झिपाराच्या दारात थांबला. खाणीतली हवा खेचणारा मोठा पंखा बंद होता, गॅस मोजायचे यंत्र किंचाळत होते, आणि फोरमन म्हणत होता की सकाळची पाळी ठरल्या वेळी खाली जाईल. झिपाराने मला काखेत मारले आणि ती धावत बेक्तेमिरच्या घरी गेली.

"माइक दे," ती म्हणाली. "पंखा बंद पडलाय. पाळी थांबवायला हवी."

बेक्तेमिरच्या हातात चहाचा वाडगा होता. "परवा मतदान आहे, एजे. आज तुम्ही गेटवर मालकाच्या नावानं ओरडणार आणि माइक माझा?"

"राजकारण नाही रे हे."

"वर्षभरात तुमच्या भाषणात पंखा किती वेळा बंद पडला?"

भाषणाच्या भरात ती दोनदा तसे बोलली होती, हे खरे होते.

"या वेळी खरंच बंद आहे, बेक्तेमिर."

"कमिटीपुढे ठेवतो. दुपारी या."

गेटवर जोराचा वारा होता. ती नुसत्या गळ्याने ओरडत होती. शब्द दोन पावलांवर विरून जात होते. पाळीची माणसे तिच्यासमोरून चालली होती, त्यांत तोलोगोनही होता.

"काय एजे, आज तोफेला जीभ नाही?" तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात द्वेष नव्हता.

"तोलोगोन, खाली जाऊ नकोस. गॅस साचलाय."

"कोणत्या पक्षाचा गॅस? तुमचा की आमचा?"

माणसे हसली. तीन-चार म्हातारे थबकले, पंख्याच्या दिशेने बघत उभे राहिले आणि परत फिरले. बाकीचे आत गेले.

जेवणाच्या सुट्टीआधी जमीन हादरली.

सात जण बाहेर आले ते झाकलेलेच. तोलोगोनच्या अंगणात करड्या नमद्याचा दुखवट्याचा तंबू उभा राहिला. आत बायकांचा आक्रोश, बाहेर दोन्ही पक्ष वेगवेगळे उभे. बेक्तेमिर आला. त्याने कोटाच्या खिशातून माइक काढला आणि झिपारापुढे धरला.

"आता कुणाला हाका मारू?" ती म्हणाली.

त्याने तो ओमुर्कुल बायकेच्या मांडीवर ठेवला. म्हातारा बराच वेळ वायर बोटांभोवती गुंडाळत राहिला. "मला वाटलं होतं, भांडाल नि परत याल," एवढेच तो बोलला. मग त्याने मला जोडले. मी पुन्हा बोलू शकत होतो. कोणी बोलले नाही.

बेक्तेमिरने नाव मागे घेतले. मालक परदेशी निघून गेला. खाणीत पाणी भरले, माणसे कामासाठी उत्तरेकडे पांगली. दोन्ही पक्षांच्या पाट्या कोणी उतरवल्या, मला माहीत नाही. ओमुर्कुल बायके पुढच्या हिवाळ्यात गेला आणि त्याच्या बायकोने मला विकून टाकले.

मित्रांनो, माझी निगा राखणे फार सोपे आहे. मला ओलीत ठेवू नका. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. माझी वायर तोडू नका. आणि एखाद्या सकाळी, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही असा कोणी धापा टाकत दारात आला आणि त्याने माइक मागितला, तर आधी त्याच्या हातात द्या. तो कदाचित खोटे बोलत असेल. भांडण दुपारी करता येते.