दादासाठी राखून ठेवलेला अल्टरनेटर

"बाबा, ही गाडी तुम्ही चालवायला घेतली होती की ढकलायला?"

शाळेच्या फाटकासमोर, चार मैत्रिणींच्या देखत, छोटीनं एका दमात विचारून टाकलं. पैजच तशी लागली होती. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या जिभेला पंख फुटले होते आणि मैत्रिणी त्या पंखांना रोज वारा घालत होत्या. मागच्या हौद्यात दवाखान्याच्या चादरींची गाठोडी, बॉनेटला टेकून उभे बाबा, आणि पिकअप ढिम्म.

आता बाबा खवळणार, अशी मैत्रिणींची खात्री होती. बाबा नुसतं म्हणाले, "दादा आला की बघेल तो. चला, लावा हात."

पाचजणींनी खिदळत ढकलल्यावर गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. छोटीचं हसू मात्र मध्येच विरलं. "दादा आला की" हे तिनं गेल्या तीन वर्षांत किती वेळा ऐकलं होतं त्याला गणतीच नव्हती.

घराच्या खालच्या मजल्यावर आईबाबांची लॉन्ड्री होती. दवाखान्यांच्या चादरी पिकअपमधून आणायच्या, धुऊन, इस्त्री करून परत पोचवायच्या. गाडी छोटीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरत ठेवणारं यंत्र, पार थकला होता. त्यामुळे गाडीत बसायचं म्हणजे एक कवायतच होती. दिवे लावले की वायपर बंद. वायपर लावले की दिवे मंद. हॉर्न वाजवायचा तर केबिनमधला पंखा आधी बंद करायचा, नाहीतर हॉर्नचा नुसता उसासा निघायचा. ते खातं आईकडे होतं. वळण आलं की बाबा विचारायचे, "वारा हवा की आवाज?" आणि आई मुकाट्यानं पंख्याचं बटण दाबायची. एवढं करूनही आठवड्यातून दोनदा बॅटरी मान टाकायचीच.

दादा गॅरेजात काम शिकलेला. दूरच्या बंदरावर वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात त्यानं दुप्पट ताकदीचा अल्टरनेटर आणला आणि खोकं कपाटावर ठेवलं. "पहिल्या सुट्टीत येतो आणि बसवतो," म्हणाला. पहिली सुट्टी मिळाली नाही. दुसरी कामात गेली. मग "पुढच्या महिन्यात" सुरू झालं, ते सुरूच राहिलं.

आणि घरात, कुणीही न ठरवता, एक नियम होऊन बसला. दादा ज्या ज्या कामाला "मी करतो" म्हणाला होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. न्हाणीघरातला नळ गळायचा, आई त्याला चिंधी बांधायची. कपाटाचं दार उचलून लावावं लागायचं, सगळे उचलून लावायचे. कोपऱ्यावर दोन मेकॅनिक माश्या मारत बसलेले असत, पण बाबा त्यांच्याकडे फिरकत नसत. दर रविवारी खोक्यावरची धूळ मात्र न चुकता पुसत. जणू काम झालं तर दादाला यायला कारणच उरणार नव्हतं.

त्या दुपारी छोटी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड गेली आणि तिनं फोन लावला.

"दादा, अल्टरनेटर बसवायला वायर कोणती घ्यायची?"

"कोणता अल्टरनेटर गं?"

छोटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आपल्या पिकअपचा. तू जाताना आणलेला. कपाटावरचा."

पलीकडे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं. "मी आणला होता?"

"असं काय करतोस? हो."

"मग बाबांनी अजून बसवून नाही घेतला? तीन वर्षं झाली."

"तू येऊन बसवणार होतास."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादानं हळूच विचारलं, "आई अजून हॉर्नच्या आधी पंखा बंद करते?"

"करते."

"आणि बाबा? वारा हवा की आवाज?"

"रोज."

तो हसला. ते हसू अर्ध्यावरच तुटलं आणि तो एकदम मिस्त्रीच्या आवाजात सुरू झाला. "हे बघ, जुनी बारीक वायर ठेवू नका. नवा जास्त करंट सोडणार, ती तापून वितळेल. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर ओढा. आणि सगळ्यात आधी बॅटरीच्या मायनसची वायर सोडा. कळलं?"

"कळलं. तू कधी येतोस?"

"बघतो गं. पुढच्या महिन्यात."

गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं त्यानं. छोटी ओल्या चादरीला गाल लावून उभी राहिली. पूर्वी तो गाडीखाली शिरायचा तेव्हा टॉर्च धरायचा मान तिचा असे. "नटावर धर, माझ्या तोंडावर नको, मी काही नवरदेव नाही," असं म्हणायचा. त्याच्या हाताला साबणाचा आणि ग्रीसचा मिळून एक वास यायचा. तो वास आता नीट आठवतही नव्हता, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.

खाली येऊन ती बाबांना म्हणाली, "दादाचा फोन झाला. म्हणाला, छोटी, आता तूच बसव."

बाबा चादरीची घडी घालत होते. "तो म्हणाला असं?"

"हो."

"मी येऊन करतो, नाही म्हणाला?"

"नाही."

बाबांनी घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घातली. इस्त्रीपाशी उभी असलेली आई छोटीकडे टक लावून बघत होती. छोटी छताकडे बघायला लागली.

रविवारी सकाळी बाबांनी खोकं उतरवलं. छोटीनं मायनस सोडलं, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल करून उतरवला. जुन्या अल्टरनेटरचा एक बोल्ट असा गंजला होता की पान्यावर दोघांनी लोंबकळल्यावर कुठे हलला.

"तुझ्या आईसारखा आहे," बाबा पुटपुटले. "एकदा बसला की बसला."

"ऐकू येतंय मला," आई दारातून म्हणाली.

नवा बसवला. जाड वायर दूर, इंजिनाच्या गरम भागाला टेकणार नाही अशी ओढून क्लिपांनी बांधली. पट्टा अंगठ्यानं दाबला की बोटभर दबेल इतका ताणला. मायनस परत जोडलं. बाबांनी चावी फिरवली आणि छोटीनं बॅटरीवर मीटर धरला.

"सगळं लावा," ती म्हणाली.

दिवे, वायपर, पंखा, सगळं एकदम. मीटरचा आकडा चौदा व्होल्टच्या वर ठाम उभा, म्हणजे बॅटरी भरत होती. बाबांनी हॉर्न दाबायला हात उचलला, तशी केबिनमध्ये बसलेल्या आईचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. हॉर्न असा खणखणीत वाजला की समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. पंखा फिरतच होता. आईनं हात मांडीवर ठेवला. त्या हाताला आता काय काम द्यावं ते तिला सुचेना.

बाबा गाडी बंद करून खाली उतरले. चेहरा उजळला होता, नजर मात्र रिकाम्या खोक्यावर होती. "लाव फोन दादाला. सांग, तू म्हणालास तसं छोटीनंच बसवला."

छोटीनं फोन खिशातून काढला आणि हातातच धरून ठेवला.

"बाबा, तो तसं म्हणाला नव्हता. ते मी म्हणाले. त्याला अल्टरनेटर आठवतच नव्हता."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आई केबिनमधून उतरली आणि गाडीच्या दाराला धरून उभी राहिली.

"आठवतच नव्हता," बाबा म्हणाले.

"पण पंखा आठवत होता. तुमचा वारा आणि आवाज आठवत होता. हसला, आणि मग त्याला हसता येईना. मी ऐकलंय ते." छोटीनं ग्रीसचे हात फ्रॉकला पुसले, आईच्या ते लक्षातही आलं नाही. "आपण त्याची कामं राखून ठेवत बसलो आणि त्याला ते माहीतच नाही. तो कधी येईल मला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नसावं. म्हणून मी ठरवलंय. परीक्षा संपली की आपण तिघं त्याच्याकडे जायचं, याच गाडीनं. दीड दिवसाचा रस्ता आहे. त्याला विचारायचं नाही, निघालो एवढंच कळवायचं."