न हिंदकळलेली कॉफी

सिएनफुएगोस शहरातल्या त्या गल्लीत गाडीचं ट्यूनिंग झालं, की मालक चालू इंजिनावर काळ्या कॉफीचा पेला ठेवी. थेंबभरही हिंदकळली नाही, तर ती कॉफी मिस्त्रीची. ओनेलिओ मिस्त्रीने अशी कॉफी सहा महिन्यांत चाखली नव्हती. समोरच्या गॅरेजचा नेमेसिओ मात्र इतकी पीत असे, की त्याच्या नुसत्या जांभईने शेजाऱ्यांची झोप उडे.

सगळी करामत नेमेसिओच्या त्या वाकड्या हत्याराची. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. जुन्या कार्बोरेटरचा हवा-पेट्रोलचा स्क्रू तापल्या नळ्यांच्या मागे दडलेला. बाकीच्यांची तिथे बोटं भाजत. नेमेसिओ हत्यार आत सरकवी, स्क्रू पाव आटा फिरवी, की सत्तर वर्षांची दमेकरी गाडी नव्या नवरीसारखी हळू बोलू लागे. ओनेलिओ आपल्या दारातून बघे आणि बोटं मोडी.

त्या दिवशी तर खुद्द सासऱ्यांची प्लिमथ गाडी नेमेसिओच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, रागावू नका," एलाडिओ म्हणाले. "हात तुमचाही बरा आहे हो. पण त्याच्याकडे ते हत्यार आहे!"

नेमेसिओ पाठमोरा होताच ओनेलिओने हत्यार खिशात घातलं आणि घर गाठलं. पट्टी सोलली. खाली चांदीचा गुलाब! त्याच्याच लग्नातल्या डझनभर चमच्यांपैकी एकाचा दांडा.

"नेरेइदा! आपला चमचा त्या मेल्याकडे कसा गेला? खरं सांग!"

बायको हसत सुटली. "अहो, वादळाच्या वर्षी तुम्हीच ठोकून, घासून, वाकवलात. एकदा लावून बघितलात, 'भंगार' म्हणालात, आणि डुकराच्या दोन पायांच्या बदल्यात त्याला देऊन टाकलात. पाय तर चाटूनपुसून खाल्लेत!"

ओनेलिओने पट्टी परत गुंडाळली आणि तो समोर गेला. तिथे शोधाशोध चाललेली.

"चाकाखाली पडलं होतं," तो म्हणाला. आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच बॉनेटखाली वाकला. पाव आटा. मग आणखी केसभर. प्लिमथ इतकी शांत झाली, की इंजिनावर ठेवलेल्या पेल्यातली माशीसुद्धा पाय न ओलावता पलीकडे चालत गेली.

"वाहवा!" सासरे ओरडले. "बघा, काय हत्यार आहे! आमच्या जावयाच्या हातातसुद्धा चाललं!" आणि पेला नेमेसिओपुढे धरला. "हत्यार ज्याचं, कॉफी त्याची."

ओनेलिओचं तोंड उघडलं. ते मी बनवलंय, म्हणायचं होतं. पण हे आजच कसं आठवलं, पट्टीखालचा गुलाब कधी पाहिलास, असं कुणी विचारलं असतं तर? त्याने बॉनेट लावून टाकलं. नेमेसिओ भुरके मारत प्यायला.

घरी येऊन ओनेलिओने उरलेले अकरा चमचे एकेक करून वाकवले. पहिल्यासारखा एकही जमला नाही. त्या घरात अजून घेवड्याची आमटी बशीने ओरपतात.