वाडीच्या आईचा चुडा

माझा थोरला भाऊ परवेज कॅनडात राहतो आणि तिथून मला बांगड्या कशा भरायच्या ते शिकवतो. वीस-बावीस वर्षं झाली त्याला जाऊन. मी इथं जुन्नरच्या बाजारात, बापाच्या दुकानात बसून रोज बायकांच्या हातात काच चढवतोय, आणि हा तिकडून फोनवर म्हणतो, "अजीज, अंगठा आधी आत घे, घाई करू नको." मी म्हणतो, "बरं, भाईजान." करायचं काय? थोरला आहे.

आम्ही मण्यार. काचेच्या बांगड्या भरणं हा घराचा धंदा, आणि धंद्याबरोबर आलेला एक मान आहे. आंबेगावात, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. चैत्रातल्या जत्रेत तिथल्या देवीला हिरवा चुडा लागतो आणि तो आमच्याच घरच्या माणसानं भरायचा, हे आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. आता देवी म्हणजे शेंदूर लावलेला दगड, तिला हात कुठून असणार? म्हणून वाडीतल्या एका ठरलेल्या घरची बाई देवीच्या वतीनं हात पुढं करते. आपण तिच्या हातात बांगड्या भरायच्या, तिनं तो हात देवीला लावायचा, आणि मग वर्षभर त्या बांगड्या तिच्याच हातात. अट एकच, भरताना एकही फुटता कामा नये. दुकानात गिऱ्हाइकासमोर आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. देवीसमोर फुटली म्हणजे मात्र फुटलीच.

गेल्या जत्रेत माझ्या हातून दोन फुटल्या. साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर झालीत, काच कुठं अडली ते कळतच नाही. देवीच्या वतीनं हात झुंबरबाईचा, तिच्या मनगटाला रक्त आलं. ती बिचारी पदरानं पुसत बसली. वाडीचे पंच दादाभाऊ बोलले. "अजीजभाई, राग मानू नका. पुढच्या साली घरातलं कोन शिकल्यालं मानूस आना. न्हाईतर आमी मंचरवरनं बांगड्यांचा डबा आनतो आन् देवीम्होरं ठिवतो. मान बंद."

घरातलं कोण आणायचं? माझ्या पोराचं, उमरचं, मोबाईलचं दुकान आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "अब्बा, मी आता बायकांचे हात धरत बसू का?" मी म्हटलं, "मग तू काय हवेवर मोठा झालास का रे?" तो हसला आणि गिऱ्हाइकाला चार्जर दाखवायला लागला. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दुकान भाड्याचं, घर जुनं. आमचं म्हणावं असं एवढं एकच होतं, आणि ते माझ्या या मेलेल्या बोटांवर संपणार होतं.

परवेजला सांगितलं, तर त्यानं आधी कुठली बोटं बधिर झालीत ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "शिफा येईल."

शिफा त्याची पोरगी. जन्म तिकडचा, शाळा तिकडची, आता कॉलेजात. मी म्हटलं, "तिला काय येतंय?" तर म्हणे, "मी शिकवलंय." कुणावर शिकवलं? आईवर, शेजारच्या पंजाबी बायकांवर, तिच्या मैत्रिणींवर. दर ईदेला त्यांच्या घरी बायकांची रांग लागते म्हणे. मी म्हटलं, येऊ दे बाबा, आपलं काय जातंय.

आली. पाठीवर पिशवी, पायात हे भले मोठे बूट. घरात आमची हिंदी बोलते, मध्ये मध्ये इंग्रजी. मराठीच्या नावानं शिमगा. पण बांगड्या हातात घेतल्या की तोंडातून मराठी सुरू, आणि तीही आमच्या बापाची! "हात सैल सोड, माय. माझ्याकडं नको बघू, डोंगराकडं बघ. घरी कोण कोण असतं गं?" बाईचं लक्ष दुसरीकडं गेलं की हात ढिला पडतो, म्हणून हे बोलायचं असतं. परवेजनं धंद्याबरोबर धंद्याचं बोलणंही शिकवलं होतं, पण उत्तराचं काही शिकवलं नव्हतं. बाई काय वाट्टेल ते सांगू दे, ही नुसती "हां माय, हां माय." माझी बायको नसीम हसून हसून बेजार झाली.

पहिल्या दिवशी नसीमच्याच हातात भरून घेतल्या. मी समोर बसलो होतो, चूक काढायला. एक सापडली नाही. फक्त एक गोष्ट चमत्कारिक वाटली. हात धरताना ती उजव्या अंगठ्याच्या बुडाशी स्वतःचं बोट आडवं लावायची, तिथं कुणाला काही लागलंय अशा बेतानं. नसीमला तिथं काहीच झालेलं नाही. "हे काय?" मी विचारलं. ती हिंदीत म्हणाली, "चाचा, तिथलं हाड वर आलंय ना. भातलावणीत पडली होती ती. अब्बू म्हणतात, तिथून दाबायचं नाही." कुणाचं हाड? तर झुंबरबाईचं. परदेशी जाईपर्यंत देवीचा चुडा परवेजच भरायचा.

आता काय बोलणार! ह्या माणसानं कॅनडात बसून पोरीला एका बाईचा हात पाठ करून दिला होता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी चष्मा पुसायला आत गेलो.

जत्रेच्या दिवशी उमर गाडी देणार होता, ऐनवेळी त्याला काम निघालं. मग एसटी. डिंभ्यापर्यंत पोचलो, आणि पुढची गाडी काही येईना. शेवटी एका मासेवाल्याच्या पिकअपमध्ये रिकाम्या पेट्यांवर बसून वर गेलो. शिफा खूश, धरणाचे फोटो काढतेय. माझी कंबर गेली.

पोचलो तेव्हा ढोल थांबलेले आणि सगळी वाडी आमच्या नावानं बोटं मोडत बसलेली. मी चपला काढतोय तोवर दादाभाऊंनी मला बाजूला ओढलं. "भिमाजी गेला दिवाळीच्या आदी, ठावं हाय ना?" ठाऊक होतं. भिमाजी म्हणजे झुंबरबाईचा नवरा. दहाव्याला मी येऊन गेलो होतो. परवेजनंही त्यांच्या मुलाला, गोकुळला, कॅनडाहून फोन केला होता. "तवा औंदा झुंबरबाईचा हात चालायचा न्हाई," दादाभाऊ म्हणाले. "विधवा बाई. गोकुळची बायकू आलीय मंचरवरनं, नूतन. तिच्या हातात भरायच्या. पोरीला सांगा तेवढं."

मी म्हटलं, सांगतो. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच मला वाटत आलं होतं. विधवेच्या हातात हिरव्या बांगड्या भरत नाहीत हे जुन्नरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण शिफाला कुठून कळणार? तिकडं तिची नानी, कधीची विधवा झालेली, ईदेला सगळ्यांत आधी हात पुढं करून बसते.

वळून बघतो तर शिफा जागेवर नाही. डबा घेऊन ती थेट देवळाच्या ओट्यावर. तिथं नूतन हात धुऊन, पदर सावरून बसलेली. शेजारी झुंबरबाई, सुनेला सोबत म्हणून, मोकळी मनगटं मांडीवर ठेवून. उजव्या अंगठ्याचं हाड चांगलं वर आलेलं. शिफानं नूतनकडं बघितलंसुद्धा नाही. ती झुंबरबाईसमोर बसली, तिचा हात उचलला, अंगठ्याच्या बुडाशी बोट लावलं, आणि पोरीचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"हात सैल सोड, माय," ती म्हणाली.

मी धावलो. चपलांच्या ढिगातून साठीचा माणूस जेवढा धावेल तेवढा. पोचलो तेव्हा पहिली बांगडी बोटांच्या सांध्यांवर चढली होती. आता, बांगडी तिथं असताना काही म्हणजे काही करायचं नसतं. मागं ओढली तरी फुटते, बाई दचकली तरी फुटते. मी "थांब" म्हणून ओरडलो असतो तर देवीसमोर काच फुटली असती आणि मान तिथंच संपला असता. गप्प बसलो तर विधवेच्या हातात हिरवी बांगडी, आणि ती आमच्या पोरीनं चढवलेली. मग मानाचं सोडाच, वाडीत पुन्हा पाय ठेवू देतील की नाही कोण जाणे. तोंड उघडलेलं तसंच ठेवून मी उभा राहिलो.

बायकांत कुजबुज सुरू झाली. "अगं बया, कुनाच्या हातात भरतीय ती?" "कुनी सांगा की तिला!" शिफाला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. मान न वळवता ती म्हणाली, "हां माय, हां माय."

झुंबरबाईनं हात ओढून घेतला नाही. ती त्या पोरीच्या बोटांकडं बघत बसली होती.

"माझ्याकडं नको बघू. डोंगराकडं बघ."

आणि म्हातारीनं खरंच डोंगराकडं मान वळवली. बांगडी सांध्यांवरून उतरली, मनगटावर आली. शिफानं दुसरी घेतली.

"घरी कोण कोण असतं गं?"

नूतननं सासूकडं बघितलं.

"आता कोन नसतं," झुंबरबाई म्हणाली.

"हां माय," शिफा म्हणाली, आणि दुसरी बांगडी चढवली.

दादाभाऊ तरातरा पुढं आले. "वैनी, हात काडा. पोरगी परदेशातली हाय, तिला कळत न्हाई. तुमाला तर कळतंय ना?"

झुंबरबाई डोंगराकडंच बघत होती. आवाज चढवला नाही तिनं. "दादाभाऊ, ह्यांना नेलं तवा तुमच्याच घरच्या बायकांनी माजा हात दगडावर धरला आन् बांगड्या फोडल्या. देवीच्या व्हत्या त्या. जत्रंत भरल्याल्या. तवा कुनी म्हनलं न्हाई, ह्या देवीच्या हायत, ऱ्हाऊ द्या."

तिनं भरलेल्या हाताकडं एकदा बघितलं.

"फोडताना माज्या व्हत्या," ती म्हणाली, "आन् भरताना देवीच्या व्हय?"

दादाभाऊंची बायको तिथंच पुढं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. नूतननं आपले धुतलेले हात लुगड्याला पुसले आणि बांगड्यांचा डबा सरकवून शिफाच्या गुडघ्याशी ठेवला. दादाभाऊ एकदा देवीकडं बघतायत, एकदा माझ्याकडं. मी कशाला नजर देतोय! शेवटी ते ढोलवाल्यांवर खेकसले, "काय तमाशा लावलाय? वाजवा की!"

ढोल वाजला. शिफानं दुसरा हात घेतला. एकही बांगडी फुटली नाही. झुंबरबाई उठली, दोन्ही हात देवीला लावून आली. चार-पाच बायका कुंकू लावून न घेताच घरी गेल्या, आणि हे वर्ष काही धड जायचं नाही असं एक म्हातारा मला ऐकू येईल असं बोलला. जेवताना दादाभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले, आमटी भुरकत राहिले. आमटी संपल्यावर म्हणाले, "पुडच्या सालचं पुडच्या साली. पोरगी मातर हीच धाडा." मी म्हटलं, तिकीट काय तुम्ही काढताय का? ते हसले नाहीत, पण त्यांनी माझ्या पानात अजून एक भाकरी टाकली.

डिंभ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत असताना परवेजचा फोन आला. तिकडं सकाळ झालेली. शिफा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. काय घडलं ते तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मी काही सांगणार नव्हतो.

"फुटली का एखादी?" त्यानं विचारलं.

"एक नाही."

त्यानं मोठा श्वास सोडला. रडत होता, मला कळलं. मग नाक ओढून म्हणाला, "हात झुंबरबाईचाच होता ना?"

भिमाजी गेला तेव्हा ह्याच माणसानं फोन करून गोकुळला धीर दिला होता. आणि तरी त्याच्या डोक्यात तो हात हिरवाच राहिला होता.

"हो," मी म्हटलं. "झुंबरबाईचाच."

"मग बरोबर."

"हो, भाईजान," मी म्हटलं. "बरोबर आहे."